कृपया मागे पाहा

परीक्षेच्या पेपराच्या तळाशी, विम्याच्या अर्जावर आणि जुन्या माणसांच्या पोस्टकार्डावर तीन अक्षरं असायची : 'कृ. मा. प.' कृपया मागे पाहा. मराठी माणसानं ही सूचना जन्मभर इमानानं पाळली. पोस्टकार्ड तर त्यानं नुसतं उलटून नव्हे, आडवं धरून कडेचा ता. क. सुद्धा वाचला. साडी घेताना आमच्या घरातली मंडळी ती उलटी करून टाके बघतात. वांगी घेताना देठ बघतात, स्थळ बघताना मुलाचे मामा बघतात आणि पाचशेची नोट घेताना कॅश काउंटरवर मी स्वतः तिची पाठ बघतो. असं सगळं उलटून-पालटून घेणाऱ्या या समाजानं एकच वस्तू कधी मनापासून उलटली नाही. ग्रामोफोनची तबकडी.

तुम्ही म्हणाल, हा काय आरोप झाला? ठीक आहे, परीक्षाच घेऊ. तुमचं सगळ्यात आवडतं जुनं भावगीत आठवा. गायक कोण? सांगितलंत. कवी? तोही सांगितलात. संगीतकार? जरा अडखळलात, पण सांगितलात. शाब्बास. आता त्याच तबकडीच्या पाठीवर कोणतं गाणं होतं, ते सांगा.

बघा. आता घसा साफ करून उपयोग नाही.

पाठीवर गाणं होतं, हे नक्की. तेही कोणा कवीनं रात्री जागून लिहिलं होतं, कोणीतरी त्याला चाल लावली होती, पेटीवाला-तबलेवाला पुढच्या बाजूइतकेच घामाघूम झाले होते. आणि तुमच्या वडिलांनी पैसे मोजले होते ते दोन गाण्यांचे. दोन गाण्यांचे पैसे देऊन एकच ऐकायचं, आणि तेही मराठी माणसानं! जो गृहस्थ कोथिंबिरीवर कढीपत्ता फुकट घेतल्याशिवाय मंडईतून हलत नाही, त्यानं विकत घेतलेलं अर्धं गाणं तसंच टाकून द्यावं?

मी बी. कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. म्हणजे दुहेरी नोंदीचा माणूस आहे. १४९४ साली लुका पाचोली नावाच्या इटालियन धर्मगुरूनं ही द्विनोंदी पद्धत पुस्तकात छापली, आणि तेव्हापासून जगातल्या तमाम कारकुनांची झोप उडाली. तिचं सार एका वाक्यात सांगतो : खात्याला दोन बाजू असतात, आणि एकच बाजू बघून जो मत देतो त्याला कॅशजवळ बसू देऊ नये. नावेची बाजू सुंदर अक्षरात लिहिली म्हणून जमेची बाजू बघायची नाही, असं आमच्याकडे कोणी केलं तर दुसऱ्या दिवशी ऑडिटर येतो. गाण्यांच्या दुनियेत ऑडिटर नाही, हीच गोची आहे. म्हणून आज हे काम बिनपगारी मी अंगावर घेतलंय.

थोडा जमाखर्च मागून बघू. १९०२ मध्ये कोलकात्याला गौहर जानचं गाणं मुद्रित झालं, तेव्हा तबकड्या एकतर्फीच असत. पुढून गाणं, मागून कोरी पाटी. १९०४ मध्ये जर्मनीच्या ओडिऑन कंपनीनं दोन्ही बाजूंना गाणी असलेल्या तबकड्या बाजारात आणल्या, आणि तिथून हे सापत्नभावाचं प्रकरण सुरू झालं. मिनिटाला ७८ फेरे घेणारी लाखेची तबकडी. लाख तीच, बांगड्यांची. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. पुढं ४५ फेऱ्यांच्या छोट्या प्लॅस्टिकच्या तबकड्या आल्या. परदेशात त्यांच्या दर बाजूला बहुधा एकेक गाणं, आपल्याकडं पुष्कळदा दोन-दोन. म्हणजे दुर्लक्ष करायला आपल्याला दुप्पट माल मिळाला!

या दुर्लक्षाचा पहिला गुन्हेगार म्हणजे आमच्या गावोगावचा स्पीकरवाला. उंब्रजचेच एक अण्णा मला आठवतात. लग्न असो, सत्यनारायण असो, गणपती असो, पत्र्याची ट्रंक आणि कर्णा घेऊन अण्णा हजर. पोरगं घाईगडबडीत भलतीच बाजू लावील म्हणून त्यांनी युक्ती केली होती. तबकडीच्या चालणाऱ्या बाजूला, बरोबर मधल्या कागदावर, कुंकवाचं बोट लावलेलं. 'कुंकवाची बाजू वर ठिवायची, दुसरं डोस्कं चालवायचं न्हाई,' असा पोराला हुकूम. म्हणजे एक बाजू जन्माची सवाष्ण आणि दुसरीनं काही गुन्हा नसताना आयुष्यभर पालथं पडून राहायचं!

अण्णा गेले. त्यांच्या मुलानं डी. जे. घेतला आणि ती ट्रंक भंगारात काढली. भंगारवाल्यानं तबकड्या तराजूत टाकल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या देशात तबकडीच्या दोन्ही बाजूंना एकच भाव देणारा न्यायी माणूस तो एकटाच.

त्यातल्या वीस-एक तबकड्या मी त्याच भावानं उचलल्या आणि घरी लावून बघितल्या. कुंकवाची बाजू लावली की तव्यावर पापड भाजल्याचा आवाज. मधूनच एखादा शब्द, पुराच्या पाण्यात वाहून चाललेल्या माणसासारखा हात वर करायचा आणि बुडायचा. त्या काळी जडशीळ डोक्याची पोलादी सुई असायची, ती दर वेळी बदलायची असायची आणि ती कोण बदलतंय? त्याच सुईनं शंभर लग्नं लागली, त्यात गाणं झिजून गेलं. आणि दुसरी बाजू? काय सांगू तुम्हाला! कालच कंपनीतून आल्यासारखी. तबल्याच्या बोटांचा स्पर्श ऐकू येतो, गाणारी बाई ओळीआधी श्वास घेते तो ऐकू येतो.

माझं भांडण काय आहे, ते आता लक्षात आलं असेल. लोकांनी ज्याला डोक्यावर घेतलं ते डोक्यावर घेऊन घेऊन संपवलं, आणि ज्याच्याकडं पाठ फिरवली तेच धडधाकट उरलं. आणि ते ऐकायची वेळ आली तेव्हा आपण ट्रंकेसकट विकून मोकळे झालो.

दुसरा गुन्हेगार यंत्र. शहरातल्या सुखवस्तू घरांत रेकॉर्ड चेंजर नावाची चीज आली. दांडीवर सात-आठ तबकड्यांची चळत लावायची, एक संपली की दुसरी आपोआप खाली पडायची. कौतुकानं पाहुण्यांना दाखवायचे. पण ती पडायची ती पोटावर, पाठ खालीच! म्हणजे उठून उलटण्याचा जो काही धोका होता, तोही शास्त्रज्ञांनी दूर केला.

तिसरा गुन्हेगार म्हणजे पायऱ्या. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि गाण्यांना नंबर लागायला लागले. अमीन सायानींचा आवाज लाख मोलाचा, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण पहिल्या पायरीवर कोण, ही सवय लागली ती लागली. गाणं चांगलं आहे का, हा प्रश्न मागं पडला. गाणं कितवं आहे, हा पुढं आला. शाळेत आमचा कितवा नंबर आला यावर मार खाल्लेल्या पिढ्यांनी त्याचा सूड गाण्यांवर काढला.

आणि चौथा गुन्हेगार आज राजरोस फिरतोय. त्याचं नाव 'अवीट गोडीच्या गाण्यांचा सुरेल कार्यक्रम'. कऱ्हाडला बघा, साताऱ्याला बघा, सांगलीला बघा, तीच वीस गाणी. निवेदक डोळे मिटतो, हात छातीवर ठेवतो आणि म्हणतो, 'आणि आता ते गाणं, ज्याशिवाय ही संध्याकाळ अपुरी राहील...' अहो, राहू द्या की एखादी संध्याकाळ अपुरी! गेली वीस वर्षं पुरीच होतेय ती. एका कार्यक्रमात मी बायकोला पुढची सहा गाणी क्रमानं सांगितली आणि सहाही बरोबर आली. ती म्हणाली, 'अहो, मग आपण तिकीट कशाला काढलं?' या प्रश्नाला संयोजकांकडं उत्तर असेल तर त्यांनी जरूर कळवावं. अवीट म्हणजे वीट न येणारं. पण विटा एकावर एक त्याच रचत गेलात, तर भिंतच होते, आणि तिच्या पलीकडचं काही दिसत नाही.

यावर त्यांचा ठरलेला युक्तिवाद असतो : 'दुसरी बाजू मुळातच सुमार होती, म्हणून ती दुसरी.' मी मान्य करतो, काही होत्या. एका तबकडीच्या पाठीवर तर असं गाणं निघालं, की गायक, वादक आणि मी तिघंही ते संपण्याची वाट बघत होतो. पण साहेब, कर्जाचा अर्ज नामंजूर करतानासुद्धा आम्ही तो आधी वाचतो. वाचून नाकारा, न वाचता नाही. आणि 'पहिली बाजू' ठरवली कोणी? कंपनीनं. कंपनीचं कधी चुकत नाही, असं मानायला आपण काय तिचे शेअरहोल्डर आहोत?

गोऱ्या साहेबाच्या देशातला पुरावा दिला की आपल्याकडं लवकर पटतं, म्हणून देतो. बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' १९५४ मध्ये आलं ते तबकडीच्या पाठीवर. पुढची बाजू भलतीच होती. १९५५ मध्ये एका चित्रपटानं हे पाठीवरचं गाणं उचललं, आणि जग नाचायला लागलं. ग्लोरिया गेनरचं 'आय विल सर्व्हाइव्ह', १९७८. तेही पाठीवरचं. तबकडी वाजवणाऱ्या मंडळींनी ती उलटली म्हणून जगाला कळलं. फिल स्पेक्टर नावाचा निर्माता तर इतका बेरकी, की पाठीवर मुद्दाम वादकांचं काहीतरी टाइमपास वाजवणं भरायचा. रेडिओवाल्यांनी चुकूनसुद्धा ती बाजू लावू नये म्हणून! म्हणजे तिकडं लोक तबकडी उलटतात याची निर्मात्याला धास्ती होती. इकडं कंपन्या निर्धास्त. आणि हिशेबाचं बोलायचं तर १९७५ मध्ये क्वीन या बँडच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या पाठीवर त्यांच्या ड्रमवाल्याचं, रॉजर टेलरचं, मोटारगाडीवरचं एक गाणं होतं. ते किती जणांनी ऐकलं देव जाणे, पण तबकडी खपली की मानधनाचा वाटा दोन्ही गाण्यांना सारखाच. वाचून माझे डोळे पाणावले. जमा आणि नावे जुळल्याचा आनंद दुसऱ्या कोणाला कळणार?

आणि हे नुसतं गाण्यांपुरतं राहत नाही. आपण माणसांच्यासुद्धा पाठी करून टाकतो. सुमन कल्याणपूर यांच्यासारखी स्वतंत्र गोड गळ्याची गायिका, तिला आपण आयुष्यभर 'अगदी लताबाईंसारखा आवाज' म्हणून मागच्या बाजूला ठेवलं. पद्मभूषण मिळायला २०२३ साल उजाडलं. शाहीर साबळे आमच्या सातारा जिल्ह्यातले, वाईजवळच्या पसरणीचे. त्यांनी गायलेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ मध्ये राज्यगीत झालं, छातीही फुगली. पण त्यांची भारुडं, गोंधळ, मुक्तनाट्यं? ती पाठीवर. पाटण तालुक्यातल्या नावडीचं नाव आडनावात घेऊन हिंडलेले बबनराव नावडीकर एके काळी घरोघर ऐकू यायचे. आज त्यांच्याच मुलखात चार तरुणांना विचारा. गुगलकडं बघतील.

आमच्या गावाला हे शोभत नाही. उंब्रजला तारळी येऊन कृष्णेला मिळते. पुढं नाव एकट्या कृष्णेचं चालतं, पण पाण्यात तारळीचा हिस्सा आहे, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. जवळच पाल आहे. तिथं पौषात खंडोबाचं लग्न लागतं ते म्हाळसेशी. म्हाळसा म्हणजे पुढची बाजू, रीतसर, अक्षता टाकून आलेली. पण एखाद्या जागरणाला वाघ्या-मुरळीपुढं रात्रभर बसून बघा. मध्यरात्र उलटली की रंग चढतो तो बाणाईच्या गाण्यांना! देवाला जे कळलं, ते ऑर्केस्ट्रावाल्याला कळू नये?

१९७७ मध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी अवकाशात धाडली. तीत भारताचं एकच गाणं आहे, आमच्या केसरबाई केरकरांची भैरवी. हे गाणं शोधताना त्या लोकांची दमछाक झाली. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात त्याची तबकडी सापडली, असं त्या कामातल्या ॲन ड्रुयन यांनी लिहून ठेवलंय. टेबलाखालचं गाणं आज सूर्यमालेच्या वेशीपलीकडं पोचलंय. त्या सोनेरी तबकडीलाही दोन बाजू आहेत, आणि ती कशी वाजवायची याच्या आकृत्या वेष्टणावर कोरल्या आहेत. म्हणजे परग्रहावरचा प्राणी तबकडी उलटून ऐकेल, एवढा विश्वास त्यांना वाटला. मराठी श्रोत्याबद्दल एवढा विश्वास मला वाटत नाही.

आता थोडं गंभीर बोलतो. भंगारातून आणलेल्या त्या तबकड्या मी घरी लावत होतो, तेव्हा मसूरची आत्या आलेली होती. वय ऐंशीच्या घरात, गुडघे कुरकुरतात, कालचं जेवण आठवत नाही. ७८ फेऱ्यांच्या एका तबकडीची पाठ लावली. गाणं मी कधी ऐकलेलं नव्हतं. पहिलं कडवं संपलं आणि दुसऱ्याची ओळ सुईच्या आधी आत्यानं म्हटली. मग तिसरी, मग चौथी. एक शब्द चुकला नाही.

'आत्या, हे तुला कसं येतं गं?'

'अरे, पुढची बाजू तुझ्या आजोबांची. ते असताना तीच लागायची. दुपारी ते मळ्यात गेले, की मी आणि आई ही बाजू लावायचो.'

'आणि शेजारपाजारी ऐकू जायचं नाही?'

'भोंग्यात लुगड्याचा बोळा कोंबायचो की!'

आवाज कमी करायची कळ त्या यंत्राला नव्हती. पन्नासेक वर्षं होऊन गेली, आजी गेली, आजोबा गेले, भोंगा गेला. बोळा कोंबून ऐकलेलं गाणं राहिलं. पुढची बाजू कर्त्या पुरुषांची आणि मंडपाची, मागची बाजू दुपारची आणि बायकांची. अशी किती घरं असतील! ते गाणं कोणतं, हे मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही तेवढं एकच शोधाल आणि उरलेली पुन्हा पालथी टाकाल.

बँकेत दहा वर्षं कोणी हात न लावलेल्या ठेवी आम्ही गिळून टाकत नाही, लोकांचा समज काहीही असो. २०१४ पासून त्या रिझर्व्ह बँकेच्या एका खास निधीत जातात, आणि खातेदार किंवा त्याचा वारस केव्हाही आला तरी पैसे परत मिळतात. २०२३ मध्ये तर त्या शोधण्यासाठी 'उद्गम' नावाचं संकेतस्थळ काढलं. कोणा पणजोबाचे सत्तावन्न रुपये तीस पैसे विसरले तर त्यांची एवढी काळजी! आणि बेवारस गाण्यांना? त्यांच्यासाठी ना निधी, ना उद्गम. ध्वनिमुद्रणावरचा हक्क कायद्यानं प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो. म्हणजे १९५०च्या दशकातली मुद्रणं त्या बंधनातून केव्हाच मोकळी झाली. ठेव मुक्त आहे, वारस मात्र काउंटरवर फिरकत नाही.

काही वेडे लोक आहेत, म्हणून बरं. मुंबईत १९९० पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संग्राहकांची संस्था उभी राहिली. सुरेश चांदवणकरांसारख्यांनी तबकड्यांची नोंद ठेवण्यात वर्षं घातली. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनिअर यांनी आपल्या जुन्या मुद्रणांच्या याद्या केल्या. ऑस्ट्रेलियाच्या! आमच्या माळ्यावर काय आहे ते मेलबर्नकडच्या माणसानं मोजायचं, आणि आम्ही माळा साफ करायला दिवाळीची वाट बघायची.

मी बँक युनियनचा जुना सभासद असल्यामुळं मागणीपत्राशिवाय लेख संपवता येत नाही. मागण्या तीनच आहेत. एक : गाण्यांच्या प्रत्येक कार्यक्रमात चार ओळखीच्या गाण्यांमागं एक पाठीवरचं गाणं झालं पाहिजे. निवेदकानं हात छातीवर ठेवला तरी चालेल. दोन : जुनं गाणं कोणी फोनवर-संगणकावर चढवत असेल, तर त्यानं तबकडीच्या दोन्ही बाजू चढवाव्यात आणि दोन्ही कागदांचे फोटो काढावेत, म्हणजे कवीचं नाव भंगारात जाणार नाही. तीन : माळ्यावरची ट्रंक विकण्यापूर्वी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला तिच्यासमोर बसवावं आणि विचारावं. ही तिसरी मागणी तातडीची आहे. पहिल्या दोन थांबतील, ती थांबणार नाही.

'हिज मास्टर्स व्हॉइस'चा तो कुत्रा शंभरावर वर्षं मान वाकडी करून एकच बाजू ऐकत बसलाय. त्याला मी दोष देत नाही. त्याला हात नाहीत.